पॅरिश ऑफिस ते रोम : नागपुरात नव्याने आलेल्या कॅथलिक कुटुंबांसाठी आणि कमिटीच्या नव्या सदस्यांसाठी

नागपुरात बदली होऊन आलेल्या कुटुंबाचा चर्च ऑफिसशी पहिला संबंध बहुधा एखाद्या दाखल्यापायी येतो. मुलीचं लग्न ठरतं, शाळा बाप्तिस्म्याचा दाखला मागते, आजीच्या दफनाची व्यवस्था करायची असते. मग फेऱ्या सुरू होतात. पॅरिशमधून, म्हणजे वस्तीच्या चर्चमधून, बिशप हाऊस, बिशप हाऊसमधून परत पॅरिश, आणि शेवटी कळतं की मूळ नोंद जशपूरकडच्या नाहीतर कोट्टायमच्या एखाद्या चर्चच्या कपाटात आहे.

लोक येतात ते सरकारी कचेरीचा हिशोब डोक्यात ठेवून : तलाठ्याने अडवलं तर तहसीलदार, तहसीलदाराने अडवलं तर कलेक्टर. कॅथलिक चर्चमध्ये हा हिशोब लागू पडत नाही. इथे प्रत्येक पातळीवर ठराविक वह्या असतात आणि ठराविक सहीचे अधिकार असतात. वरच्या पातळीवरचा माणूस मोठा असला तरी खालची वही त्याच्या टेबलावर नसते. कोणती वही कुठे आणि कोणती सही कोणाची, एवढं पक्कं झालं की बहुतेक फेऱ्या वाचतात. हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे, खालून वर.

आधी कॅथीड्रल नीट ओळखा

नागपुरात दोन कॅथीड्रल आहेत आणि नवखा माणूस हमखास चुकीच्या दारात उभा राहतो. कामठी रोडवर मोहननगरला आर्चबिशप हाऊस आहे. त्याच भागातलं सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथीड्रल, म्हणजे लोकांच्या तोंडी एसएफएस, हे कॅथलिक नागपूर महाधर्मप्रांताचं मुख्य चर्च. सदरमधलं ऑल सेंट्स कॅथीड्रल हे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे सीएनआयचं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन सीएनआयची स्थापना झाली, ती नागपुरातच. सीएनआयची रचना पास्टरेट, धर्मप्रांत आणि सिनॉड अशी आहे. त्यांचे बिशप वेगळे, वह्या वेगळ्या, कमिट्याही वेगळ्या. आजोबांचा बाप्तिस्मा 'सदरच्या कॅथीड्रलमध्ये' झाला एवढंच घरात माहीत असेल, तर अर्ज लिहिण्याआधी जुना दाखला, प्रार्थनापुस्तकावरची नोंद किंवा कबरीवरचा लेख बघून कोणतं कॅथीड्रल ते नक्की करा. सदर म्हटल्यावर घरातले दोहोंपैकी कोणत्याही कॅथीड्रलबद्दल बोलत असू शकतात.

कॅथलिक असलात तरी पुढचा प्रश्न रीतीचा. लॅटिन, सिरो-मलबार आणि सिरो-मलंकार या तिन्ही रीती कॅथलिकच, पण त्यांचे बिशप आणि कायद्याची पुस्तकं निराळी. नागपूरपासून तासा-दीड तासावरचा वर्धा जिल्हा, त्यापलीकडे चंद्रपूर आणि गडचिरोली, ही सिरो-मलबार चांदा धर्मप्रांताची हद्द. त्याचं मुख्यालय बल्लारपूरला आहे. म्हणून वर्ध्याचा कागद मोहननगरला मागून उपयोग नाही. केरळातून आलेल्या कुटुंबांनी एक लक्षात ठेवावं : जवळचं आहे म्हणून लॅटिन चर्चमध्ये वीस वर्षं मिस्साला गेलात तरी तुमची रीत आपोआप बदलत नाही. कायदा हे स्पष्ट सांगतो. पॅरिशच्या फॅमिली कार्डवर रीतीचा रकाना असेल तर तो रिकामा सोडू नका, आणि नसेल तर फादरना ती बाजूला लिहून ठेवायला सांगा. लग्नाच्या वेळी हीच नोंद कामी येते.

पॅरिशमध्ये नाव नोंदवणं

पॅरिश, म्हणजे धर्मग्राम, हा मुळात नकाशावरचा तुकडा असतो. तुम्ही ज्या वस्तीत राहता ती ज्याच्या हद्दीत येते ते तुमचं पॅरिश. आवडीचं, गाण्याचं किंवा पार्किंगच्या सोयीचं चर्च वेगळं असू शकतं, तिथे मिस्साला जायला कोणाची हरकत नसते. कागद मात्र हद्दीप्रमाणे चालतात. ऑर्डनन्स फॅक्टरी, रेल्वे, वेकोलि किंवा कामठी छावणीत बदली होऊन आलेल्यांनी घर लावून झालं की पहिल्या महिन्यातच ऑफिसात जावं. सोबत हे न्या :

- आधीच्या पॅरिशच्या फादरचं पत्र, कुटुंबातल्या सगळ्यांच्या नावांसह
- प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत, मोठ्यांच्या दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) नोंद
- पती-पत्नीचा चर्चमधला विवाहदाखला
- पत्त्याचा पुरावा

पत्र नसेल तरी जा, नंतर मागवता येतं. पण लग्नाच्या दोन महिने आधी पहिल्यांदा तोंड दाखवणाऱ्या कुटुंबाला ओळखणारं पॅरिशमध्ये कोणी नसतं. मग 'ही मुलगी मोकळी आहे, आधी लग्न झालेलं नाही' असं कोणी लिहून द्यायचं, इथे घोडं अडतं.

सगळ्यात महत्त्वाची वही

चर्चचा कायदा, कॅनन ५३५, प्रत्येक पॅरिशला बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या ठेवायला लावतो. यात बाप्तिस्म्याची वही ही आईसारखी. माणसाच्या आयुष्यातली पुढची प्रत्येक मोठी गोष्ट त्या मूळ नोंदीच्या समासात लिहिली जाते : दृढीकरण कधी आणि कुठे झालं, लग्न कोणाशी झालं, धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली का, मठात शपथ घेतली का. माणूस कुठेही गेला तरी त्याची नोंद जिथे डोक्यावर पाणी पडलं तिथेच राहते. 'माझा बाप्तिस्मा नागपूरला ट्रान्सफर करा' या विनंतीला म्हणूनच अर्थ उरत नाही. ट्रान्सफर सदस्यत्वाचं होतं, नोंद जागची हलत नाही.

यातून लग्नासाठीच्या दाखल्याचा नियम येतो. घरातल्या ट्रंकेत ठेवलेला, लॅमिनेट केलेला लहानपणचा दाखला लग्नाला चालत नाही. सहा महिन्यांच्या आत काढलेला ताजा दाखला मागतात, तोही समासातल्या नोंदींसकट. कारण सरळ आहे. माणसाचं आधी लग्न झालं असेल तर ते त्या समासातच दिसतं, आणि जुन्या दाखल्यावर ते दिसणार नाही.

चुका कुठे होतात? पहिली, नावात. बाप्तिस्म्याला 'मारिया', शाळेच्या दाखल्यावर 'मेरी', आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव उलटसुलट. दुरुस्ती त्याच पॅरिशमध्ये होते जिथे मूळ वही आहे, आणि पॅरिशचे फादर स्वतःच्या मनाने ती करत नाहीत. अर्ज, जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला जोडून ते बिशप हाऊसमध्ये कागदपत्रं सांभाळणाऱ्या चान्सलरकडे पाठवतात. लेखी आदेश आला की मूळ नोंद तशीच ठेवून समासात दुरुस्ती, तारीख आणि सही. वहीत व्हाइटनर लावलेला दिसला तर ती नोंद परदेशी वकिलातीपासून चर्च न्यायालयापर्यंत कुठेही संशयास्पद ठरते. दुसरी चूक जास्त वाईट : लग्न झालं, पण लग्न लावणाऱ्या पॅरिशने बाप्तिस्म्याच्या पॅरिशला कळवलंच नाही. वधू-वर वेगवेगळ्या ठिकाणचे असतील तर दोन पत्रं जायला हवीत आणि दोन्हींची पोच यायला हवी. लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी फादरना 'पोच आली का' एवढं विचारायला संकोच करू नका.

लग्न : इथे घाई सर्वात महाग पडते

तारीख ठरवून, लॉन बुक करून, पत्रिका छापून मग पॅरिशमध्ये येणारी कुटुंबं आहेत. क्रम उलटा हवा. किमान तीन महिने आधी, मिश्र लग्न असेल तर चार-पाच महिने आधी या. साधारण क्रम असा असतो : दोघांनी आपापल्या फादरना भेटणं, विवाहपूर्व वर्गाची तारीख घेणं, ताजे बाप्तिस्मा दाखले मागवणं, फादरसमोर दोघांची वेगवेगळी लेखी चौकशी, दोन्ही पॅरिशमध्ये लग्नाची जाहीर घोषणा, आणि मग विधी. विवाहवर्ग काही रोज भरत नाहीत. पुढची बॅच महिन्याने असली आणि तुमचा नंबर तिच्यातही लागला नाही, तर लॉनची तारीख काही पुढे सरकत नाही.

आता 'परवानगी' आणि 'सूट' यातला फरक. हे दोन शब्द लोक एकच समजतात आणि तिथेच गोंधळ होतो.

मुलगा कॅथलिक आणि मुलगी सीएनआय किंवा मेथडिस्ट असेल, तर दोघांचाही बाप्तिस्मा झालेला असतो. पाण्याने आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला तो बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मान्य करतं, पुन्हा देत नाही. अशा लग्नाला बिशपांच्या कार्यालयाची परवानगी लागते. मुलगी हिंदू, बौद्ध किंवा मुस्लिम असेल, म्हणजे बाप्तिस्मा झालेलाच नसेल, तर नुसती परवानगी पुरत नाही, सूट लागते. सूट न घेता लावलेलं लग्न चर्चच्या दृष्टीने लग्नच ठरत नाही, आणि मागाहून ते निस्तरणं फार कष्टाचं. नागपुरात बौद्ध-कॅथलिक आणि हिंदू-कॅथलिक लग्नं नवलाची राहिलेली नाहीत, म्हणून हे इतकं ठासून सांगतो आहोत.

दोन्ही प्रकारांत कॅथलिक जोडीदाराला लिहून द्यावं लागतं की मी माझी श्रद्धा सोडणार नाही आणि मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी माझ्या हातून होईल तेवढं करीन. दुसऱ्या जोडीदाराकडून वचन घेतलं जात नाही, त्याला किंवा तिला या वचनाची माहिती दिली जाते. हे सासर-माहेरच्या मंडळींना आधीच समजावून सांगा. 'धर्म बदलायला सही घेतात' ही अफवा याच कागदावरून उठते. अर्ज फादरमार्फत जातो. कुटुंबाने परस्पर बिशप हाऊसला नेला तर तो परत पॅरिशकडेच येतो, कारण चौकशीचे कागद फादरकडे असतात.

लॉनबद्दल. रिसेप्शन कुठेही करा. संस्काराची जागा मात्र चर्च. दोन्ही पक्ष कॅथलिक असताना चर्चबाहेर विधी हवा असेल तर बिशपांची वेगळी संमती लागते, आणि ती हौसेखातर मिळेल असं धरून चालू नका.

बाहेरून येणारे धर्मगुरू ही तिसरी अडचण. मुलीचे मामा रायपूरला किंवा केरळात फादर असतात आणि लग्न त्यांनीच लावावं अशी सगळ्यांची इच्छा असते. जरूर लावावं. पण ज्या पॅरिशच्या हद्दीत लग्न आहे तिथल्या पॅरिश प्रीस्टने त्यांना लेखी अधिकार सोपवायला हवा, नावानिशी आणि त्या लग्नापुरता. असा अधिकार मिळालेला नसेल तर मामा कितीही ज्येष्ठ असोत, विवाह ग्राह्य ठरत नाही. दोन साक्षीदारही हवेतच.

देशाच्या कायद्याची बाजू भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ बघतो. कॅथलिक धर्मगुरूंनी लावलेल्या लग्नांच्या नोंदींचं विवरण दर तीन महिन्यांनी सरकारी निबंधकाकडे जाणं त्यात अपेक्षित आहे. पॅरिश ऑफिस सांभाळणाऱ्याने हे तिमाही काम मागे पडू देऊ नये. व्हिसासाठी धावणारं जोडपं तीन वर्षांनी दारात येतं तेव्हा चूक सुधारायला फार उशीर झालेला असतो.

कमिटीवर निवडून आलात तर

दोन समित्या असतात आणि त्यांचं वजन सारखं नसतं. पॅरिश कौन्सिल सल्ला देणारं मंडळ आहे. बहुमताने ठराव झाला म्हणून फादर बांधले जात नाहीत. वित्त समिती मात्र प्रत्येक पॅरिशला असायलाच हवी, कॅनन ५३७ मध्ये पळवाट नाही. सल्लागार असणं म्हणजे शोभेचं असणं, असं कोणी मानू नये. कार्यवृत्तात तुमची हरकत कारणासकट लिहून घ्या. पुढे डीन, म्हणजे शेजारच्या पॅरिशवर देखरेख ठेवणारे फादर, किंवा बिशप पाहणीला आले की ते कार्यवृत्त वाचतात.

अर्पणाचे पैसे मोजायला कमीत कमी तीन माणसं, एकाच घरातली नकोत. मोजणी त्याच दिवशी, नोटांचा तपशील लिहून, तिघांच्या सह्या, आणि पुढच्या कामाच्या दिवशी पूर्ण रक्कम बँकेत. यातूनच फुलवाल्याचे पाचशे देऊन उरलेले जमा करणं ही सवय फार पसरलेली आहे. हिशोब चुकायला तिथून सुरुवात होते. आधी सगळं जमा, मग व्हाउचर लावून खर्च.

काही रविवारची वर्गणी पॅरिशची नसतेच. गुड फ्रायडेला पवित्र भूमीसाठी, जूनअखेरीस संत पेत्र-पौल यांच्या सणाच्या सुमारास पोपच्या मदतकार्यासाठी, ऑक्टोबरच्या शेवटून दुसऱ्या रविवारी मिशनसाठी. ही रक्कम जशीच्या तशी बिशप हाऊसला आणि तिथून पुढे जाते. वहीत तिचं पान वेगळं ठेवा. छताच्या दुरुस्तीला उसनी घेतली की ती परत कधी भरायची यावर वर्ष निघून जातं.

परदेशी पैशाबाबत सर्वात जास्त सावध राहा. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा कायदा, २०१० चा, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर फार कडक. नोंदणी असलेल्या संस्थेला परदेशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यावरच घेता येते, आणि ती पुढे दुसऱ्या संस्थेला वाटता येत नाही. पॅरिशची स्वतःची अशी नोंदणी बहुधा नसते. आता खरा पेच. तुमच्या पॅरिशमधला मुलगा दुबईत नोकरीला आहे, पासपोर्ट भारतीय आहे, आणि स्वतःच्या पगारातून बँकेमार्फत पैसे पाठवतो, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याच्याच बहिणीने कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल, तर तिने नाताळात घरी येऊन रुपयांत दिलेली रक्कमही परदेशी देणगीच ठरते. ओसीआय कार्डाने फरक पडत नाही, पासपोर्ट बघतात. नातेवाइकांकडून पैसे घेण्याची सवलत व्यक्तीला आहे, चर्चला नाही. म्हणून मोठी रक्कम देणाऱ्याला पावती फाडण्याआधी पासपोर्ट कोणत्या देशाचा हे नम्रपणे विचारायची पद्धत ठेवा.

डीन

शेजारची काही पॅरिश मिळून एक डीनरी होते आणि त्यांतले एक फादर डीन असतात. वह्या नीट ठेवल्यात का, चर्चची मालमत्ता सांभाळली जाते का, हे बघणं आणि एखादे फादर आजारी पडले किंवा वारले तर वह्या-किल्ल्या गहाळ होणार नाहीत याची काळजी घेणं, हे त्यांचं काम. फादरविरुद्धच्या तक्रारीचं अपील त्यांच्याकडे होत नाही आणि लग्नाची सूटही ते देत नाहीत. पण पॅरिशमध्ये बोलणं अडलं असेल तर बिशप हाऊसला पत्र लिहिण्याआधी डीनना भेटा. अर्धी कामं तिथे चहाबरोबर सुटतात.

बिशप हाऊसमध्ये कोणाला भेटायचं

'बिशपना भेटायचं आहे' असं सांगून बाहेर बसू नका, कामाचं टेबल वेगळं असतं. व्हिकर जनरल हे प्रशासनात आर्चबिशपांचे प्रतिनिधी, बहुतेक परवानग्या त्यांच्या सहीने निघतात. चान्सलर कागदपत्रांचे आणि अभिलेखागाराचे रखवालदार : नाव दुरुस्ती, दाखल्यांवरचे शिक्के, परदेशी पाठवायच्या दाखल्याचं प्रमाणीकरण त्यांच्याकडे. प्रोक्युरेटर पैसा आणि मालमत्ता बघतात. चर्च न्यायालय आधीचं लग्न मुळातच ग्राह्य होतं का ते तपासतं. कोर्टातून घटस्फोट झाला म्हणून चर्चमध्ये दुसरं लग्न लागत नाही, त्याआधी या न्यायालयाचा निर्णय लागतो, आणि तो महिन्याभरात येत नाही.

फोन करून जा. अर्जावर पॅरिशचं नाव, फादरचं पत्र आणि आधीच्या पत्राचा क्रमांक लिहा. स्वतःकडच्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या.

जमीन, ट्रस्ट आणि आखीव पत्रिका

पॅरिशची जमीन पॅरिशच्या नावावर असेलच असं नाही, बहुधा ती नोंदणीकृत विश्वस्त संस्थेच्या नावावर असते. त्यामुळे चर्चचा कायदा आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० असे दोन्ही सांभाळावे लागतात, एक पाळला म्हणून दुसरा माफ होत नाही. विश्वस्त बदलले तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात. फादरची बदली मेमध्ये होते, निरोप समारंभ होतो, आणि चेंज रिपोर्ट कोणाच्याच लक्षात राहत नाही. पुढे बँक सही बदलून देत नाही, कारण धर्मादायच्या नोंदीत जुनंच नाव असतं. ट्रस्टच्या जमिनीची विक्री, किंवा बिगरशेती जमीन व इमारत तीन वर्षांहून जास्त, शेतजमीन दहा वर्षांहून जास्त भाड्याने देणं, याला कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. चर्चच्या बाजूने, ठरलेल्या मर्यादेवरच्या मालमत्तेसाठी बिशपना वित्त परिषद आणि सल्लागार धर्मगुरूंच्या मंडळाची संमती घ्यावी लागते, आणि कमाल मर्यादेपलीकडे रोमची.

नागपूरच्या जुन्या भागात आणखी एक गोष्ट तपासा : आखीव पत्रिकेवर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, सत्ता प्रकार काय लिहिला आहे. नझूल, म्हणजे सरकारी जमीन, असेल तर तुम्ही पट्टेदार आहात, मालक नाही. पट्ट्याची मुदत कधी संपते आणि नूतनीकरण कोणी पाहिलं, हा प्रश्न वित्त समितीच्या पहिल्याच बैठकीत विचारा. सुधार प्रन्यासच्या भूखंडाला वापराची अट असते. शाळेसाठी घेतलेल्या जागेवर चर्च उभं करता येत नाही.

चर्च वाढतं तेव्हा नकाशा कसा बदलतो

नव्या वस्तीत वीस-तीस घरं झाली की आधी घरोघरी प्रार्थना, मग महिन्यातून एकदा मिस्सा, मग कायमची जागा, मग राहता फादर, आणि शेवटी पॅरिशचा दर्जा. किती घरं हवीत याचा आकडा कायद्यात नाही. पॅरिश निर्माण करण्याचा अधिकार बिशपांचा, पण धर्मगुरूंच्या परिषदेचं मत ऐकल्याशिवाय ते करू शकत नाहीत. तयारी पुरी नसेल तर मध्ये अर्ध-पॅरिशची पायरी ठेवता येते. अर्जासोबत कुटुंबांची यादी, हद्दीचा नकाशा, फादरच्या राहण्याची सोय आणि महिन्याच्या खर्चाचा अंदाज द्या. हद्द लिहिताना 'रिंग रोडपलीकडचा भाग' असं मोघम लिहू नका, रस्ता, नाला, रेल्वे लाइन यांची नावं टाका. पुढची दहा वर्षं त्याच ओळीवर वाद होतात.

जमीन घेताना स्वस्त शेतीकडे मन जातं. विदर्भात त्यासाठी १९५८ चा वेगळा कूळ कायदा आहे आणि त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. एखाद्या शेतकरी भाविकाच्या नावावर जमीन घेऊन ठेवायची वाट अजिबात धरू नका. तो भाविक वारतो, मग त्याचे वारस येतात.

धर्मप्रांत निर्माण करणं मात्र बिशपांच्या हातात नाही, तो निर्णय फक्त रोमचा. नागपूर हे याचं चांगलं उदाहरण. १८८७ मध्ये विशाखापट्टणमपासून वेगळं करून नागपूर धर्मप्रांत झाला. फ्रान्समधल्या आनेसीहून आलेल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स संघाच्या धर्मगुरूंकडे त्याची धुरा होती, कॅथीड्रलचं नाव त्यामुळेच तसं आहे. १९५३ मध्ये महाधर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्यानंतर १९५५ मध्ये अमरावती वेगळं झालं, १९६२ मध्ये चांदा सिरो-मलबार धर्मगुरूंकडे सोपवला गेला, १९६४ मध्ये रायपूर निघालं, आणि १९७७ मध्ये अमरावतीतून औरंगाबाद. वाढीची रीत ही अशी : दूरच्या टोकाला लोक आणि धर्मगुरू पुरेसे झाले की केंद्राने तो भाग मोकळा करायचा. याचा तुमच्या कामाशी संबंध असा की १९५५ आधीची अमरावती भागातली नोंद शोधताना आजच्या हद्दीवर विसंबू नका. वही मूळ पॅरिशमध्येच असेल, पण त्या काळचा पत्रव्यवहार आणि सूट दिल्याचे आदेश नागपूरच्या अभिलेखागारात असू शकतात.

नागपूरच्या वर काय

अमरावती आणि औरंगाबाद हे नागपूर प्रांतातले लॅटिन धर्मप्रांत. पण तेवढ्याने नागपूरचे आर्चबिशप अमरावतीच्या बिशपांचे साहेब होत नाहीत. शिस्त पाळली जाते ना यावर नजर ठेवणं आणि गैरप्रकार दिसला तर पोपना कळवणं, मुख्यतः इतपतच त्यांचा अधिकार. अमरावतीच्या फादरची तक्रार मोहननगरला देऊन पोस्टाचा खर्च होतो फक्त.

देशपातळीवर बिशपांच्या दोन परिषदा आहेत : लॅटिन बिशपांची सीसीबीआय आणि तिन्ही रीतींची मिळून दिल्लीतली सीबीसीआय. प्रार्थनेची भाषांतरं, सामायिक भूमिका, मार्गदर्शक नियम हे त्यांचं क्षेत्र, तुमचा अर्ज त्यांच्याकडे जात नाही. त्यावर थेट रोम. प्रत्येक बिशप दर पाच वर्षांनी आपल्या धर्मप्रांताचा सविस्तर अहवाल तिथे देतात. त्यातले बाप्तिस्मे, लग्नं, धर्मगुरू, शाळा यांचे आकडे तुमच्या पॅरिशच्या वार्षिक तक्त्यातूनच गोळा झालेले असतात. म्हणून ३१ डिसेंबरचा तक्ता अंदाजाने भरू नका, वही उघडून मोजा.

पैशांची वर्षअखेर वेगळी. ३१ मार्चला हिशोब बंद, सहा महिन्यांत लेखापरीक्षण, आणि परदेशी देणगीची नोंदणी असलेल्या संस्थेचं तिचं विवरण ३१ डिसेंबरपर्यंत.

शेवटी, बिशपपद रिकामं असेल तेव्हा काय. बिशप ७५ व्या वर्षी राजीनामा देतात, किंवा अचानक जागा मोकळी होते. १९ एप्रिल २०१८ रोजी आर्चबिशप अब्राहम विरुथकुलंगरा यांचं निधन झालं आणि आर्चबिशप एलियास गोन्साल्विस यांची नेमणूक डिसेंबरमध्ये झाली. अशा काळात सल्लागार धर्मगुरूंचं मंडळ आठ दिवसांत एक प्रशासक निवडतं. रोजची कामं, लग्नाच्या परवानग्या, दाखले, नाव दुरुस्ती, हे सगळं सुरू राहतं, त्यासाठी थांबू नका. पण पद रिकामं असताना नवं काही सुरू करायचं नाही असा नियम आहे, त्यामुळे नवं पॅरिश किंवा मोठा जमीन व्यवहार अशा फायली जागेवर थांबतात. तुमचा असा अर्ज आत असेल तर तो परत मागवू नका. आवक क्रमांक जपून ठेवा, कागदांच्या मुदती तपासत राहा, आणि नव्या आर्चबिशपांनी पद स्वीकारल्यावर महिनाभराने पॅरिशच्या फादरमार्फत त्याच क्रमांकाचा हवाला देऊन एक पानी स्मरणपत्र द्या.